दोनशे दहा किलो जास्त

प्रति,
मा. मालतपासणी अधीक्षक,
सीमाशुल्क कार्यालय, बंदर विभाग.

दि. १९ ऑक्टोबर

विषय : सख्ख्या भावाविरुद्धची तक्रार मागे घेणे व जप्त फळ्यांबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा दि. १२ ऑक्टोबरचा तक्रार अर्ज.

महोदय,

अर्जदार व्यवसायाने सुतार असून, धाकट्या भावापासून कारखाना वेगळा करून समुद्रापलीकडच्या या शहरात आला आहे. वाटणीतली यंत्रे व हत्यारे आणण्यासाठी त्याने अख्खा कंटेनर एकट्याच्या नावावर घेतला, तो अशासाठी की दुसऱ्या कोणाच्या मालात आपला माल मिसळू नये. भराईच्या दिवशी अर्जदार स्वतः दारात खुर्ची टाकून बसला होता. सील त्याच्या डोळ्यांदेखत लागले आणि त्याचा नंबर त्याने तीन ठिकाणी लिहून ठेवला.

येथे कंटेनर उतरला तेव्हा सील वेगळेच निघाले आणि वजन दोनशे दहा किलो जास्त भरले. वाहतूक एजंटास विचारले असता, "काट्यात फरक पडतोच," एवढे बोलून त्याने फोन ठेवला. धाकट्यास विचारले असता तो हसला व म्हणाला, "दादा, दुकानात नेऊनच उघड. बंदरावर नको." माल कमी भरला असता तर अर्जदार समजू शकला असता. परंतु वाढलेला माल आणि हसणारा भाऊ, यावरून अर्जदाराच्या मनात काय काय आले ते पहिल्या अर्जात आहेच. "बेकायदा वस्तू" हे शब्द अर्जदाराचेच आहेत.

काल तपासणी झाली. कंटेनरच्या दारालगतच, यंत्रांना टेकून ठेवलेल्या सागाच्या अकरा फळ्या निघाल्या. आपल्या शिपायासमोर अर्जदाराने प्रत्येक फळी ठोकून पाहिली. कुठेही पोकळी नाही. या फळ्या धाकट्याने स्वतःच्या घराच्या दारांसाठी नऊ वर्षे वाळवल्या होत्या. वाटणीत मागितल्या असता त्याने सरळ नाही म्हटले होते. वरच्या फळीवर खडूने लिहिले आहे : "दादाच्या दुकानाचं दार."

यादीत नसलेले, कीड मारण्याची धुरी न दिलेले लाकूड म्हणून आपण त्या जाळण्याचा आदेश दिला आहे. नियम अर्जदारास मान्य आहे. आता धुरी देऊन त्या वाचत असतील तर वाचवाव्यात. दंड अर्जदार भरेल.

मात्र आदेशाची प्रत माल पाठवणारा म्हणून धाकट्यास जाणार आहे, आणि तीत तक्रारदार म्हणून अर्जदाराचे नाव आहे. ते खोडावे असे अर्जदार म्हणत नाही. ती प्रत आठ दिवस थांबवावी, एवढीच विनंती. कागद पोचण्याआधी हे त्याला अर्जदाराच्या तोंडून कळायला हवे. कालपासून तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा त्याने उचलण्याआधी अर्जदारानेच ठेवला.

आपला विनम्र,
अर्जदार
(थोरला भाऊ)

सोबत : मालयादी, दोन्ही सीलांचे फोटो. धाकट्यासाठी सील तोडून नवे लावणाऱ्या एजंटाविरुद्धची तक्रार कायम आहे.