यादीतला पहिला कुलकर्णी

१५ नोव्हेंबर १९९९
मराठी मंडळाच्या वधूवर विभागाची वेबसाइट करायला घेतली. चिटणीस उमाकांतकाका म्हणाले, तुळशीचं लग्न झालं की लोक विचारतील, स्वल्प लवकर कर. मी सरी म्हणालो. (स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं; इथं राहून मराठीत कानडी शिरतंच.) निव्वळ समाजकार्य. त्यांची नयना लग्नाची आहे, हा योगायोग.

१७ नोव्हेंबर
पीएचपी या वेबसाइटच्या भाषेत अ‍ॅरे म्हणजे यादी, असा करता येतो: डावीकडे किल्ली, उजवीकडे माहिती. किल्ली म्हणून आडनाव ठेवलं. आपल्यात माणूस आडनावानंच ओळखतात. ऑफिसातल्या भीमसेननं विचारलं, एकाच आडनावाचे दोघं आले तर? त्याला स्वतःला आडनावच नाही, नुसती इनिशियल्स. त्याला काय कळणार!

१८ नोव्हेंबर
पहिलं स्थळ माझंच भरलं. कुलकर्णी: मकरंद, सॉफ्टवेअर, जे. पी. नगर, निर्व्यसनी. (सिगारेट सोमवारपासून बंद.) यादीतली स्थळं एकेक करून पानावर आणणारा लूप फिरवला. पानावर मी आलो. एकटाच, पण छान दिसतो. लूप एकदा चालला की चालला. पुन्हा तपासत बसायचं नाही.

२० नोव्हेंबर
काकांनी दिलेली सगळी स्थळं भरली. जोशी, देशपांडे, कुलकर्णी, पुन्हा जोशी. वाचलं काही नाही, नुसतं टाइप केलं. पान चढवलं.

२२ नोव्हेंबर
काका म्हणतात, निम्मीच स्थळं दिसतात. म्हटलं, मोडेम स्लो आहे, येतील हळूहळू. नाहीतर उरलेल्यांची जमली असतील.

२३ नोव्हेंबर
धीर करून नयनाला फोन. यादीतलं पहिलं स्थळ बघ आणि मोकळेपणानं सांग, म्हटलं. हसली. म्हणजे निम्मं काम झालं.

२५ नोव्हेंबर
नयनाचा फोन! पहिलं स्थळ आवडलं. कुलकर्णींचंच ना, असं तिनं विचारलं. मी लाजत हो म्हणालो. उंचीही छान आहे म्हणाली. माझ्या उंचीला आजवर कुणी छान म्हटलं नव्हतं. रविवारी काकांकडे पोह्यांना बोलावलंय. आईला पुण्याला कळवलं. शर्ट इस्त्रीला टाकला.

२८ नोव्हेंबर, रविवार
काकांच्या सोफ्यावर अजित कुलकर्णी बसला होता. व्हाइटफील्डला असतो. सहा फूट. काकांनी ओळख करून दिली, हा आमचा मकरंद, याच्याच वेबसाइटवर तुम्ही सापडलात. नयना मला थँक्यू म्हणाली. पोहे चांगले होते. दोनदा घेतले.

२९ नोव्हेंबर
भीमसेननं समजावलं. एका किल्लीला एकच माणूस. दुसरा कुलकर्णी भरला की पहिला पुसला जातो आणि दुसरा त्याच्याच जागेवर बसतो. जागा पहिलीच राहते. मी म्हटलं, ठाऊक होतं. प्रत्येकाला वेगळा नंबर द्यायचा, पुढच्या आठवड्यात.
वाईट वाटायला हवं. काहीच वाटत नाही. जेवलो, झोपलो.

४ डिसेंबर
काकांचा फोन. ठरलं. ठरलेल्यांची नावं साइटवरून काढ म्हणाले. कुलकर्णी काढला. लूप नीट चालतो, आता जोशी पहिला.
सिगारेट आणली.
संध्याकाळी आईचा फोन. काय झालं, विचारत होती. ठरलं, म्हणालो. ती आनंदानं रडायला लागली. मी फोन धरून उभा राहिलो.