टू-सीटरचं डावं दार

रवि. १२ जाने. ५८, पौड
पुण्याहून परत येताना पिरंगुटच्या घाटात गाडीचं डावं दार उघडलं आणि इंदू बाहेर. वेग वीसच्या आत होता म्हणून निभावलं. मुरमात पडली, डावं मनगट लागलीच सुजलं. स्वतःच उठली, पदर झटकला. मी धावत गेलो आणि पहिलं वाक्य बोललो ते हे: "दाराला हात लावला होतास का?"
मागून एस.टी. आली, तिला इंदूनं हात केला आणि चढून बसली. सोळा वर्षांच्या संसारातली बायको एस.टी.त, आणि मी मागून उघड्या गाडीत पौडपर्यंत धूळ खात.

मंगळ. १४ जाने.
हाड चिरलंय. प्लास्टर. मेहुणा केशव येऊन तिला माहेरी सदाशिव पेठेत घेऊन गेला. जाताना म्हणाली, "दार मीच उघडलं असं वाटतंय ना तुम्हाला? मग राहू दे. त्या गाडीत मी पुन्हा बसायची नाही." पुन्हा पौडला येण्याबद्दल काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.
प्रश्न गैर नव्हता. रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर आहे मी. अपघात झाला की आधी कारण विचारायचं, हीच सवय.
स्वयंपाक स्वतः. पिठलं. बरं झालं नाही.

रवि. १९ जाने.
गाडी तपासली. लढाईच्या आधीची, एक गोरा साहेब विलायतेला जाताना मला विकून गेला. छप्पर कापडी, म्हणजे वरून धरून ठेवणारं काहीच नाही. सगळी मदार खालच्या चासीच्या, म्हणजे सांगाड्याच्या, दोन लांब पट्ट्यांवर, आणि त्या आता थकल्यात.
पुढचं एक चाक धोंड्यावर चढवून पाहिलं. सगळी गाडी पिळली. दाराच्या वरची फट बोटाएवढी झाली आणि कडी आपोआप बाहेर. हात लावायची गरजच नाही.
अर्थात लावला नव्हता असंही यातून सिद्ध होत नाही.

शुक्र. २४ जाने.
पुण्यात एका गॅरेजवाल्याला दाखवली. "भंगारात घाला," म्हणे. डोंबल! पूल हलायला लागला तर आम्ही काय नदी बुजवतो?
उपाय साधा आहे. दोन पट्ट्यांच्या मध्ये लोखंडी कैची घालायची, छपराला घालतात तशी, फक्त आडवी. पट्ट्यांना आतून जाड पत्रा. वेल्डिंग इथे होणार नाही, तेव्हा तापवून रिव्हेट. आपला भिकू लोहार करील.
तिथून सदाशिव पेठ दहा मिनिटांवर. गेलो नाही. जायला हवं होतं.

रवि. २ फेब्रु.
काम झालं! भिकू, त्याची बायको ठकूबाई भात्यावर, आणि मी. भिकूनं विचारलं, "सायेब, उचलायची कुटनं?" म्हटलं, मधून उचल, म्हणजे पुढेमागे सगळीकडे हात पोचेल. "व्हय, बैलगाडीगत," म्हणाला. मध्ये दगडांची थप्पी लावली, चाकं काढली. दिवसभर ठोकाठोकी. पस्तीस रिव्हेट. हातोडा मारला तर चासी मंदिराच्या घंटेसारखी वाजते. फार दिवसांनी बरं वाटलं. इंदूला लिहायचं, पण उद्या चाकांवर उतरवल्यावर.

सोम. ३ फेब्रु.
उतरवली. डावं दार लागतच नाही. उजवंही नाही. वर दोन बोटं फट, कडी खाचेपर्यंत पोचतच नाही. पूर्वी दार उघडायला वळण लागत होतं, आता तेवढंही नको!
भिकू चारही बाजूंनी फिरून आला. "लई ताठ झालीया सायेब. पर वाकडी ताठ झालीया."

बुध. ५ फेब्रु.
कारण सापडलं. बैलगाडीचा भार मधल्या आसावर असतो, म्हणून तिला मध्ये टेकू देतात. मोटारीला दोन आस, दोन टोकांना. आम्ही ती मध्ये उचलली, दोन्ही टोकं खाली लोंबली, आणि तशा लोंबत्या अवस्थेतच रिव्हेट मारून कायम केली.
भिकू म्हणाला, "माजं चुकलं. मला बैलगाड्यांची सवं." मी ऐकून घेतलं.

शुक्र. ७ फेब्रु.
मधून उचल असं मी सांगितलं. त्यानं विचारलं होतं, मी सांगितलं. तुळई कुठे टेकवावी हे ज्याला कळायला पाहिजे तो मी. हे वहीत लिहायला दोन दिवस लागले.
संध्याकाळी जाऊन भिकूला सांगितलं. तो हसलाच. "मला ठावं हुतं. म्हनलं, सायेब बोलत्याल कवातरी."
ठकूबाई आतून: "वैनींस्नी बी आसंच बोला की कायतरी." बाईचे कान भात्याच्या आवाजातही शाबूत आहेत.

रवि. ९ फेब्रु.
छिन्नीनं पस्तीसच्या पस्तीस रिव्हेट तोडले. आता गाडी चाकांवरच ठेवून, माणसं बसल्यावर जेवढा भार येतो तेवढा टाकून, फट सारखी करून मग ठोकायचं. माझ्या जागी भिकूचा भाऊ बसेल, माझ्याच अंगकाठीचा आहे. डावीकडे तांदळाची पोती.
"वैनींचं वजान किती?" भिकूनं विचारलं.
मला सांगता येईना. घाटातल्या दर वळणाची त्रिज्या पाठ आहे मला. भिकू विडी ओढत बसला. इंदूला कार्ड टाकलं: कामासाठी वजन हवे आहे, कळवावे.

शनि. १५ फेब्रु.
कार्ड आलं, पेन्सिलीनं. "सव्वा मण. प्लास्टर अजून आहे. पोतं दारातून बाहेर पडलं तर त्याला आधी काय विचाराल, तेही कळवा."
चार वेळा वाचलं.

रवि. १६ फेब्रु.
पुन्हा ठोकली. भिकूचा भाऊ दिवसभर स्टीअरिंगमागे बसून, उतरायची परवानगी नाही, ठकूबाई त्याला तिथेच भाकरी देत होती. डावीकडे सव्वा मण आंबेमोहर.
दार एका आवाजात लागलं. चाक धोंड्यावर चढवलं, फट नखाएवढीही हलली नाही. भिकू नुसता "हां" म्हणाला.

रवि. २३ फेब्रु.
पोतं डावीकडे ठेवून घाटात तीन फेऱ्या. दार जागच्या जागी.
इंदूला पत्र. चार पानं, आकृतीसह: चूक कशी झाली, कैची कुठे, आधीची फट किती, आताची किती. शेवटी 'गाडी आता निर्धोक आहे'. टपालात टाकल्यावर लक्षात आलं की तिनं कार्डात विचारलं होतं त्याचं उत्तर त्यात कुठेच नाही. पेटीत हात जात नाही. पाहिलं घालून.

गुरु. ६ मार्च
उत्तर: "प्लास्टर निघालं. रविवारी केशवबरोबर घाटात येते. गाडी आणावी. केशव चालवील. डावीकडे तुम्ही बसायचं."

रवि. ९ मार्च
सकाळी नवाला घाटात पोचलो. दोघं एस.टी.तून उतरली. इंदू वाळलीय. मनगट अजून जपून धरते. ती वळणावर उभी राहिली, जिथं पडली तिथंच. केशव मला घेऊन वर गेला आणि वळला.
गाडी घेतल्यापासून कधी डावीकडे बसलो नव्हतो. तिथं हातात काहीच नसतं. रस्ता अंगावर येतो, शेजारी खोल दरी, आणि चालवणारा आपल्याच नादात शीळ घालतोय. दार लागलेलं आहे हे मला माहीत. पस्तीस रिव्हेट माझ्यासमोर ठोकलेले. तरी वळण आलं तसा माझा हात दाराच्या मुठीवर गेला आणि घट्ट बसला. कधी गेला ते कळलंही नाही.
दार उघडलं नाही. गाडी थांबली. हात तिथंच होता. इंदू बघत होती.
"लावलात हात?"
"लावला."
मग मीच म्हणालो, "तू लावला असतास तरी काय झालं असतं? कुणीही लावील. मी आधी तुला उचलायला हवं होतं. तेच चुकलं."
केशव उतरून विडी पेटवायला लांब गेला. शहाणा माणूस.
इंदूनं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. रडली थोडी. मलाही आवरेना, रस्त्यावर, माझ्याच घाटात. मग म्हणाली, "पत्रात चार पानं लिहिलीत. हे एक ओळीचं होतं."
बसली नाही. पुण्याकडची एस.टी. आली. मी विचारलं, "पुढच्या रविवारी घ्यायला येऊ?"
"या," म्हणाली. "गाडीत बसायचं की नाही ते मी तिथं ठरवीन."
साडेदहाला घरी. जेवणाची इच्छा नव्हती, पण जेवलो.