राहू द्या जी

३ नोव्हेंबर, नाचणगाव
घर आवडलं. बैठं, हवेशीर, खिडकीशी पेरूचं झाड. खुब्याच्या ऑपरेशननंतर सेवाग्रामच्या दवाखान्यातून स्वतःच्या पायांनी बाहेर पडले. काठी नुसती शोभेला. तरी भाचा विवेक ऐकेना. महिनाभर एजन्सीची बाई ठेवायची. तीस तारखेला तो पुण्याहून येणार. एक दिवस माझं मी केलं तर इथे राहायचं, नाही तर वृद्धाश्रम. टेलिफोन खात्यात साठ मुली माझ्या नजरेला वचकून असत, आणि आता परीक्षा माझी.
बाई आली. रंजिता, चाळिशीची, स्वच्छ, कमी बोलणारी. ब्लाउजचे हूक लावायला पुढे झाली. नको म्हटलं तर म्हणाली, "राहू द्या जी, मी करतो." आणि लावलेसुद्धा.

५ नोव्हेंबर
कालपासून हूक लागत नाहीत. बोटं ठीक आहेत, भाजी चिरते. हूक तेवढे निसटतात. आज तिनं न विचारता माझी वेणी घातली. खडसावलं. ती शेवटचा पेड घालून मगच उठली.

६ नोव्हेंबर
आरशासमोर तीन पेड हातात धरून बसले. पुढे काय करायचं ते आठवेना.

१० नोव्हेंबर
ती देते त्या गोळ्यांत काहीतरी असणार. चार दिवस कुंडीत पुरल्या. फरक नाही. उलट काल चहा तिनं केला आणि आज मला गॅस पेटवता येईना. तिचा चहा मात्र थेट माझ्या हातचा. आलं ठेचून नाही, किसून. हे तिला कुणी सांगितलं?
एजन्सीला फोन केला. म्हणे रंजिताविषयी आजवर एकही तक्रार नाही.

१४ नोव्हेंबर
शेजारच्या वच्छलाबाईंना कुंपणावरून विचारलं. रंजिता आधी प्रभाकरराव शिंप्यांकडे होती. "आली तवा तिले सुईत दोरा ओवता येत नव्हता. आता साऱ्या गावाचे ब्लाउज शिवून राह्यली." आणि प्रभाकरराव? पडून असतात, पापण्या हलवतात तेवढंच. मग हसून म्हणाल्या, "तुमाले काय भेव? तुमच्या तोंडापुढं यमबी टिकत नाई."
एजन्सी खरंच बोलली. तक्रार करायला तोंड लागतं.

१९ नोव्हेंबर
नियम केला. तिला काही करू द्यायचं नाही. जे तिनं केलं नाही ते अजून माझं आहे. तिला अंगणात बसवलं. बसली. वाट पाहत असल्यासारखी.

२३ नोव्हेंबर
पायरीवर तोल गेला. तिनं धरलं. फक्त चार पावलं चालवलं —

२४ नोव्हेंबर
पाय उठत नाहीत. ती अंगणात फेऱ्या मारते आहे. डावा खुबा किंचित झुकवून. माझी चाल.

२६ नोव्हेंबर
विवेकचा फोन. माझा हात पोचायच्या आत तिनं उचलला. "होल्ड ऑन, प्लीज," म्हणाली. माझेच कॉन्व्हेंटचे उच्चार. मग माझ्या वतीनं बोलत राहिली —

२७ नोव्हेंबर
तोंड उघडते. आवाज नाही.

२९ नोव्हेंबर
उद्या विवेक. त्याच्या हातात ही वही द्यायची, एवढंच —
विवेक, हिला घालव. मला काही झालेलं नाही. ही जे जे करते ते माझ्यातून —
ती शेजारी बसली आहे. वाचते आहे. रागावली नाही. वहीखाली उशी सरकवली. लिहायला मदत म्हणून माझ्या हातावर स्वतःचा हात —
विवेक, मी मजेत आहे. रंजिता फार चांगली आहे. तिला कुठेही पाठवू नकोस. तिच्यावाचून मला