खाडीतला होडीवाला

७ मे
पोचलो. दीड दिवस एस.टी.त, अंग मोडलंय. हापिसात नव्या लातूर जिल्ह्याच्या फायलींचा ढीग, तरी साहेबांनी रजा दिली. ह्यांच्या शाळेतल्या एका मास्तरांचं हे गाव, त्यांच्याच रिकाम्या घरात उतरलोत. वहिनीला लातूरजवळच्या आमच्या मुरुडहून ओढूनच आणलं. तिच्या छायाला रेणापूरला मामाकडं ठेवलं.
एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला शांत खाडी, मधी वाळूची चिंचोळी पट्टी. जिकडं बघावं तिकडं पाणी. आमच्याकडं टँकर चार दिवसाआड. वहिनी ओट्यावर नुसती बसून. मग म्हणाली, "शोभे, हे एवढं इथं पडून हाय, आन् आपल्याला कुणी सांगितलं न्हाई."

८ मे
दु. होडीतून पट्टीवर गेलो. सात-आठ माणसं. होडीवाला दाढीवाला, डोक्याला टॉवेल. वहिनी घाबरलेली, त्यानं हात देऊन चढवलं.
परतताना काठावरनं कुणीतरी त्याला हाक मारली. हा ओरडला, "हाव, येऊ लालो!"
ही आमच्या लातूरकडची बोली, इकडं असं कुणी बोलत नाही. त्याच्या उजव्या हाताकडं बघितलं. अंगठ्याला नख नाही.
दादा.
बहात्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावरनं गेला तो गेलाच. मी तेव्हा आठवीत. वहिनी तीन महिन्यांची गरोदर. दवाखाने, स्टेशनं, विहिरी, सगळं शोधलं. शेवटी लोक म्हणाले, मेला. वहिनीनं कुंकू पुसलं नाही. तीच खडी फोडायला बसली आणि मला मॅट्रिक केलं.
ह्यांना अजून सांगितलेलं नाही. जेवण गेलं नाही.

९ मे
स. एकटीच धक्क्यावर. तो डब्यानं होडीतलं पाणी उपसत होता.
"उत्तमदादा."
हात थांबला. वर बघितलं नाही. "कोण पाहिजे?"
"मी शोभी."
खालीच बसला, त्या पाण्यातच. मग विचारलं, "आई?"
"गेली. तुझी वाट बघत."
रडेल असं वाटलं होतं. नाही रडला. म्हणाला, "हजेरीच्या रांगेत होतो. एक ट्रक उभा होता, बसलो. म्हणलं, उद्या परत जाऊ. मग म्हणलं, तोंड कसं दाखवू. मग लई वर्षं झाली."
इथं बाई आहे, दोन पोरं. सगळ्यांना सांगितलंय, मला कुणी नाही.
कुणी नाही! मारावंसं वाटलं. दोन्ही हातांनी.
"गया... हाय का?" वहिनीचं नाव त्याच्या तोंडून किती वर्षांनी ऐकलं.
"काल तुझ्याच होडीत होती."
माझ्याकडं बघत राहिला. "कोणती?"
मी उठून आले. छायाचं सांगायचं राहिलंच. का मुद्दामच नाही सांगितलं...

१० मे
संध्याकाळी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हणाले, "वहिनी, तो होडीवाला."
"म्हाईत हाय," ती म्हणाली. "हात धरला तवाच कळलं."
"मग बोलली का नाहीस?"
"तो बोलला की. 'जपून, मावशी' म्हणाला."
वहिनी चौतीस वर्षांची आहे.

११ मे
सकाळच्या गाडीनं निघालो. ह्यांना रात्री सगळं सांगितलं. संतापले, पोलिसांत जाऊ म्हणाले. वहिनी म्हणाली, "गाडीत बसा, मास्तर."
दादा स्टँडवर आला होता, रसाच्या गाड्यामागं उभा. मला राहवलं नाही, उतरले. "तुला पोरगी आहे. अकरा वर्षांची." त्यानं गाड्याचा कठडा धरला. कंडक्टरनं बेल मारली, मी पळाले.
मग दादा खिडकीपाशी आला. वहिनीनं त्याच्याकडं सरळ बघितलं. गाडी हलेपर्यंत. पुढं मिरजेपर्यंत तिनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली नाही.

२६ मे, मुरुड
रविवार म्हणून वहिनीकडं आले. दादाचं कार्ड आलंय. पत्त्यावर जि. उस्मानाबाद. त्याला नवा जिल्हा कुठून माहीत असणार. पोष्टात कुणीतरी ते खोडून लातूर केलंय. मागच्या बाजूला एकच ओळ. 'पोरीचं नाव काय ठिवलं?'
छाया अंगणात बिट्ट्या उडवून झेलत होती. मी हळूच वाचून दाखवलं.
"परत वाच," वहिनी म्हणाली. परत वाचलं.
चूल सारखी केली. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "कोरं कार्ड हाय का? मी सांगते तसं लिही."
मी पेन काढलं. पत्ता घातला. "हं, सांग."
कोपऱ्यावर टँकरचा भोंगा वाजला. वहिनी घागर उचलून रांगेला गेली. अर्धा तास झाला. छाया विचारतेय, आत्या, कुणाला पत्र?