सकाळीच टाकी फुल!

डोणगाव, बुधवार, दिवेलागण

माझं मीम फिरत फिरत दुसरबीडला पोचलंच. लग्नात खुर्चीवर पेंगणारा माझा मित्र वासुदेव, तोंड उघडं, फेटा घसरून एका डोळ्यावर. खाली ओळ: ‘सकाळीच टाकी फुल!’ केलं कोणी, हे गावाला ठाऊक नाही. लोक हसले, मी मनात फुगलो.

पण दुसरबीडलाच त्याच्या पोरीची सोयरीक जमत आलेली. आज मुलाकडच्या पाहुण्यांनी वासुदेवच्या घरी फोन करून विचारलं, “व्याही पेतात का?”

तो तर सुपारीचं खांडही खात नाही! शेतातली लाइट रात्रीचीच येते. रात्रभर गव्हाला पाणी देऊन तसाच लग्नाला आला होता. हे मला माहीत नव्हतं? होतं. पण तो फेटा पाहून हात शिवशिवले.

आत्ता वासुदेव येऊन गेला. “कोनं केलं बे हे? जाऊ दे. उद्या तू चाल माह्या संगं दुसरबीडले, मी पेत नाही हे सांगाले. तुह्या शब्दाले वजन हाय.”

“हाव,” म्हणालो.

वजन! तीन शब्दांखाली पोरीची सोयरीक दबली, एवढं खरं. उद्या ओळ माझी, हे सांगावंच लागेल. पाहुण्यांचं भय नाही. शेजारी वासुदेव बसलेला असेल, फेटा नीट बांधून, दोन्ही डोळे उघडे.