रीमाने सोडलेली जागा

॥ श्री ॥
पेणकरपाडा, मीरा रोड
१० सप्टेंबर १९९२

चि. सौ. नीलमला आईचे पोटभर आशीर्वाद. कौस्तुभरावांना आशीर्वाद, रीमाला पापा. वि. वि.

तुम्ही दोघी भुसावळला सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. गौरी-गणपती गेल्यापासून घर खायला उठलंय. टँकर काल आलाच नाही, परवा आला तो गढूळ. बघ, सांगायचं एक आणि मी शिरले पाण्यात! बाबा म्हणतात, चौथी शिकलेल्या बाईने एवढं लांब पत्र लिहिलं तर पोस्टमन संपावर जाईल. मी म्हटलं, जाऊ दे.

तर नीलम, तू लपवलंस तरी आईला कळतं गं. मागच्या खेपेला तू नारळी पौर्णिमेच्या आधी बाजूला बसलीस, तूच लिहिलं होतंस. म्हणजे आता गौरीत यायला हवी होती. पण गौरी आल्या, जेवल्या, गेल्या, आणि तू आपली घरभर वावरतेयस, नैवेद्य वाढतेयस, वरच्या उर्मिलाबरोबर फुगडी घालतेयस! उर्मिला गौरीसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेते, आपल्या बिल्डिंगमधल्या निम्म्या बायका घेतात. तू काही घेतलं नाहीस. मग आणखी काय पाहिजे? फुगडी तेवढी घालायला नको होतीस. आता उड्या बंद.

म्हणून तर निघताना ओटीत मोठा नारळ घातला. रीमाच्या कानात सांगितलं, बाळ येतंय, त्याला जागा ठेवायला शीक. काय हसली पोर! राई गावच्या शेवंतीला सांगितलं, आपली मासेवाली, ती काय घरचीच. उर्मिलाला सांगावंच लागलं, ती जिन्यात भेटली. बाकी कुणाला नाही.

लोभ आहेच, तो आता दोघांचा मिळून पाठव.
तुझी आई

भुसावळ
१४ सप्टेंबर १९९२

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि स्वयंपाकघराचं दार लावून बसले.

आई, मी गोळ्या घेत होते. तुझ्याच फडताळात, पापडाच्या डब्यामागे ठेवल्या होत्या. बोरिवलीच्या ज्या डॉक्टरीणबाईंकडे मी बाजाराला म्हणून जायचे, त्यांनी दिल्यात. त्या म्हणाल्या, तुझ्या महिन्याचा दुसरा अर्धा भाग अपुरा पडतो. गर्भ राहिला तरी रुजायच्या आत पाळी येते. रीमानंतर दोनदा राहिला आणि धरला नाही, तो त्यामुळेच. दुसऱ्यांदाचं तुला सांगितलं नव्हतं. या गोळ्या तो भाग सांभाळतात, पण त्या चालू असेपर्यंत पाळीही अडकून राहू शकते. पोटात बाळ असो की नसो.

तेव्हा पाळी आली नाही यात काही कळत नाही. तुला तिथेच सांगणार होते, पण तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि जिन्यात कुणी ना कुणी भेटतंच.

खरं सांगू? फुगडी घालताना मलाही वाटलं होतं. गोळी सकाळीच घेतलेली, तरी वाटलं.

उद्या तपासायला देणार आहे. आता कुणाला काही बोलू नकोस, आणि वाण्याच्या दुकानातून फोनही करू नकोस. इथे फोन शेजाऱ्यांकडे आहे, तिथे मला रडता येणार नाही.

बाबांना नमस्कार. माया ठेव.
तुझी नीलम

॥ श्री ॥
मीरा रोड, १६ सप्टेंबर १९९२

चि. सौ. नीलमला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, म्हणजे आळस चढला. रीमाच्या वेळीही तू अशीच लोळायचीस. मी दुपट्यांना लागले आहे. माझं जांभळं लुगडं फाडलं, चार झाली. बाबा विचारत होते, पलटण येणार आहे का. शेवंतीने सांगितलंय, पोरीला म्हणावं आंबट खा. तिच्या सगळ्या सुनांची बाळंतपणं तिनेच काढलीत, तिला कळतं.

गौरीला मी शब्द दिलाय, पुढच्या वर्षी बाळ तिच्या पायावर घालीन. कार्डावर जागा संपली, नाहीतर नावंही सुचवली असती.
लोभ वाढता ठेव, पोट तर वाढेलच.
तुझी आई

भुसावळ
२१ सप्टेंबर १९९२

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

नाही आलं, आई. तपासणीत काही निघालं नाही. नसेल तर गोळ्या थांबवायच्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. थांबवल्या, आणि अडकलेलं सगळं आलं. तुझं दुपट्यांचं कार्ड त्याच दिवशी आलं.

कौस्तुभ म्हणतात, आता पुरे. चार वर्षं झाली. ते चिडून म्हणाले असते तर मी भांडले असते. पण ते माझ्यासाठी चहा करता करता म्हणाले. अर्धा महिना मी वाट बघते आणि अर्धा महिना सुतक पाळते. कुणी गेलं नाही, म्हणून भेटायलाही कुणी येत नाही. शेजारणी म्हणतात, एक आहे ना, मग कशाला एवढं. त्यांना मी हसून हो म्हणते.

एकच गोष्ट सोसत नाही. रीमा गादीच्या पार कडेला झोपते. दोनदा खाली पडली. मी मधे ओढलं तर रडली. म्हणाली, आजीने सांगितलंय बाळाची जागा ठेवायची. तिला तू सांगितलंस ना, आता तूच सांग.

तुझी नीलम

॥ श्री ॥
मीरा रोड, २९ सप्टेंबर १९९२

चि. सौ. नीलमला आशीर्वाद.

टँकर वेळेवर येतोय. पाणी स्वच्छ आहे. हे एवढं लिहून दुपारभर बसले. बाबांनी आज चेष्टा केली नाही, नुसती शाई भरून दिली.

मी वर जाऊन उर्मिलाला सांगितलं. तिने तिच्या गोळ्यांचं पाकीट दाखवलं. एवढुशी गोळी गं. ती थांबवली की उर्मिला सुटते, आणि तू थांबवलीस की तुझं सगळं जातं. शेवंतीला सांगितलं तर टोपली उतरवून बसली. म्हणाली, न्हाय तं न्हाय, एक पोर हाय ना. मला असा राग आला! मी आत गेले. बाहेर आले तर ती गेलेली, ओट्यावर बोंबलांचा वाटा ठेवलेला.

पुन्हा गोळ्या घे की कौस्तुभरावांचं ऐक, हे मी सांगणार नाही. मला कळत नाही. गौरी पुढच्या वर्षी येईल, तिला जेवू घालीन, पण तोंड वर करून बघवेल का ते ठाऊक नाही. दुपटी बांधून माळ्यावर टाकली. नुसती येऊन राहा. मी विचारणार नाही, दिवस मोजणार नाही. बाजूला बसायचं तर बस, माझ्याजवळ बस, मी शिवेन तुला.

आता पुढचं रीमाला वाचून दाखव.

रीमाबाई, आजीने तुला बाळ येतंय म्हणून सांगितलं, ते चुकीचं सांगितलं. आजीला कळलं नव्हतं. बाळ येत नाहीये. तू जागा ठेवलीस, शहाणी माझी ती. पण आता ठेवू नकोस. आज मधे झोप. चांगले हातपाय पसर. आई रडली तर तिच्या अंगावर पाय टाक, लहानपणी टाकायचीस तसा. ती काही म्हणणार नाही.

लोभ मागायचं तोंड नाही. माझा तेवढा ठेवून घ्या.
आई