नाव झाकलेला पेपर

३ जून
ठरलं म्हणजे ठरलं. या सुट्टीत पुस्तक हातावेगळं करणार. सिद्धांत डोक्यात तयार आहे: जग मनातच असतं, म्हणून समोरच्याकडे मनापासून लक्ष देणं हेच पहिलं कर्तव्य. दार लावून बसलो. तेवढ्यात बायको आत! तीही तत्त्वज्ञानच शिकवते, पण टेम्पररी. हातात तिचा संशोधनाचा पेपर. छापून आला तर कायम करतील, नाहीतर नोकरी गेली. पाठवण्याआधी एकदा वाच ना, म्हणाली. ठेव तिथे, म्हटलं. वैताग नुसता!

९ जून
एक ओळ झालेली नाही. या घरात माणसानं विचार करायचा कसा? बायकोनं विचारलं, वाचलास का? वाचला, म्हटलं, छान आहे, पाठवून दे. केवढी खूश झाली! एवढ्याशा गोष्टीचं काय ते कौतुक.

६ जुलै
तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकाच्या संपादकानं छापण्याजोगा आहे का ते बघायला एक पेपर पाठवलाय. लेखकाचं नाव झाकलेलं, नेहमीप्रमाणे. आणि विषय माझा! म्हणे, आपण लक्ष देतोय असं आपल्याला वाटून भागत नाही, समोरच्यालाही ते जाणवायला हवं. तळपायाची आग मस्तकात गेली. कोण हा टिकोजीराव? तिसऱ्या पानावर थांबलो आणि अभिप्राय ठोकून दिला: लेखकाला विचार करायची सवय नसावी. छापू नये.
फार बरं वाटलं. पुस्तक उद्यापासून.

२ ऑगस्ट, दुपार
बायकोचा पेपर नाकारला. ओट्याला टेकून रडत होती. माझं रक्त उसळलं. कोण हा नालायक परीक्षक? धड वाचलाही नसेल मेल्यानं! संपादकाला चांगला फैलावर घेतो, म्हटलं. तिनं डोळे पुसले आणि अभिप्राय वाचून दाखवला. लेखकाला विचार करायची सवय नसावी.
पाणी प्यायलो.

२ ऑगस्ट, संध्याकाळ
सगळ्या बाजूंनी तपासलं. माझं काडीचंही चुकलेलं नाही. नाव झाकलेलं होतं. याहून निःपक्षपाती माणूस कुठे मिळणार? सख्ख्या बायकोलाही सोडलं नाही मी! तिला सरळ जाऊन सांगितलं: अगं, तो तुझा आहे हे मला कळणार कसं?
ती ओरडणार म्हणून मीही आवाज चढवून उभा होतो. ओरडली नाही. म्हणाली, जूनमध्ये तू वाचला होतास ना?

३ ऑगस्ट
तिचा पेपर वाचायला मागितला. दिला नाही.